बॉनेट गरम, चाकं गार

मिस्त्री गाडीपाशी आले की आधी बॉनेटवर उलटा हात ठेवत. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर आपण ठेवतो तसा, क्षणभर, डोळे दुसरीकडे लावून. मग गुडघे धरून वाकत आणि तोच हात चाकाला लावत. पुढचं एक, मागचं एक. एवढं झालं की उभे राहून खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत आणि विचारत, “बोला, घरात कोण काय म्हणतं?” गाडीची तक्रार ऐकण्याआधी घरातल्या माणसांची तक्रार ऐकायची, असा त्यांचा क्रम होता.

ऋचा आणि निनाद, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागच्या खेपेला त्यांनी निनादला एक जुना स्पार्क प्लग दिला होता आणि विमानतळावर तो काढून घेतला म्हणून निनादने सगळी रांग थांबवून धरली होती. ते हेच मिस्त्री. त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यात तुमचाही हात आहे. कसा, ते पुढे येईलच.

छावणीत बाजार संपतो तिथे कडुनिंबाखाली त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. वर पाटी नव्हती. का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बाई, पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक दुसरी पाटी वाचून निघून जातं.” त्यांच्या बोलण्यात मराठी, उर्दू आणि इंजिन ऑइल यांचं मिश्रण असे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून मला ते ‘बाई’ म्हणत. तुमच्या आजोबांना ‘साहेब’. आजोबा ज्या खात्यातून निवृत्त झाले त्यात त्यांना साहेब म्हणणारे दोघेच होते, त्यामुळे छावणीत जायला त्यांना नेहमीच आवडे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आपली गाडी एकाएकी पेट्रोल प्यायला लागली. मी हे अंदाजाने म्हणत नाही. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपून ठेवायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा, ही माझी पद्धत. पूर्वी लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली होती. एखादा विद्यार्थी पंधरावरून दहावर आला असता तर मी त्याच्या आईवडिलांना शाळेत बोलावलं असतं. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, “उन्हाळा आहे. तीही तहानली असेल.”

मग मी मिस्त्रींना बोलावलं.

“गाडी लई पिते म्हणता?” त्यांनी मान हलवली. “गाडी कधी पीत नाय बाई. माणूस पाजतो.”

हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकले असते. पुढचे दोन महिने मिस्त्री अधूनमधून येत राहिले आणि दर खेपेला गाडीऐवजी आपल्या घराचीच तपासणी करून गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी टाचेने टायर दाबून पाहिलं. “हवा कधी भरली?”

आजोबा म्हणाले, “दिवाळीत.”

“कोणत्या?”

आजोबांना ऐकू आलं नाही. आजोबांना ऐकू येत नाही ही गोष्ट आजोबा सोडून सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र ते डबीसकट कपाटात ठेवून होते. “त्याने कानात मुंगी चालल्यासारखं होतं,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कोणत्या दिवाळीत, हे शेवटपर्यंत कळलं नाही. “हवा कमी म्हणजे चिखलातून चालल्यासारखं,” मिस्त्री म्हणाले. “चिखलात साहेबाला तरी भूक जास्त लागंल का नाय?”

दुसऱ्या खेपेला त्यांनी डिकी उघडली आणि तिच्यातला पसारा माझा होता. पाण्याचे दोन मोठे कॅन, कारण आपल्या गावात नळाला पाणी कधी येईल ते देवालाही माहीत नसतं. चार छत्र्या. एक घडीची खुर्ची. आणि खाली तीन गोण्या.

“यात काय हाय?”

“दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका. वाचनालयाला द्यायच्या आहेत.”

“किती साल झाले?”

“तीन,” मी म्हणाले. खोटं बोलायची मला सवय नाही.

मिस्त्रींनी गोणी उचलायचा प्रयत्न केला, खाली ठेवली आणि गाडीकडे दयेने पाहिलं. “म्हणजे ही बिचारी तीन साल दहावीतच बसलीय.”

आजोबांना हे मात्र नीट ऐकू आलं. ते इतके हसले की त्यांना घडीच्या खुर्चीवर बसवावं लागलं. खुर्चीचा तेवढा उपयोग झाला.

तिसऱ्या खेपेला टपावरचं कॅरिअर उतरलं. तुम्ही आलात तेव्हा बॅगांसाठी बसवलं होतं आणि पुन्हा याल म्हणून काढलं नव्हतं. “वाऱ्याला अडतं,” मिस्त्री म्हणाले. “पाव्हणे यायचे तेव्हा येतील. तवर वाऱ्याचं सामान कशाला वाहता?” चौथ्या खेपेला एअर फिल्टर निघाला. जलवाहिनीसाठी खणलेल्या रस्त्यांची सगळी माती त्यात होती; मिस्त्रींनी तो आपटला तेव्हा माझ्या धुतलेल्या अंगणात एक छोटं वादळ झालं. पाचव्या खेपेला ते आजोबांच्या शेजारी बसून क्रांती चौकापर्यंत गेले आणि परत आले ते कपाळाला हात लावून.

“साहेब, क्लच म्हणजे पायपुसणं नाय. काम झालं की पाय उचलायचा.”

“मी उचलतो,” आजोबा म्हणाले.

“तुम्ही उचलता, पाय उचलत नाय.”

हे सगळं मी कागदावर क्रमाने लिहिलं होतं. एक, हवा. दोन, वजन. तीन, कॅरिअर. चार, फिल्टर. पाच, आजोबांचा डावा पाय. प्रत्येक गोष्ट दुरुस्त झाली की तिच्यापुढे बरोबरची खूण केली. पाच खुणा झाल्या, मी पुन्हा टाकी भरून भागाकार केला. अकरा.

मिस्त्रींनी प्लग काढून पाहिले. काजळी धरली होती. “हे असं उभ्या गाडीचं होतं,” ते स्वतःशीच पुटपुटले. पण आपली गाडी उभी कुठे असते? मी तिला रोज भाजीला, बँकेत आणि वाचनालयात नेतच होते की. म्हणजे आजोबा नेत होते.

त्याच दिवसांत घरात आणखी दोन गोष्टी बिघडल्या होत्या. त्यांचा गाडीशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही, म्हणून कागदावर घेतल्या नाहीत. पद्धतशीर माणसाची हीच चूक होते.

एक म्हणजे माझा मोगरा. आपण मागच्या अंगणात पत्र्याखाली गाडी लावतो, तिच्या पाठीमागे भिंतीशी त्याची कुंडी होती. ऐन उन्हाळ्यात, फुलायच्या दिवसांत, तो एका बाजूने करपत चालला. मी माती बदलली, खत बदललं, माळीसुद्धा बदलला.

दुसरी गोष्ट तुमचे आजोबा. संध्याकाळी मी टॅबलेटवर तुम्हाला फोन लावायचे, तेव्हा ते दोन मिनिटं समोर बसायचे, “हो हो, छान छान” म्हणायचे आणि उठून जायचे. ऋचा, तू एकदा सांगितलंस, आजोबा, मला ताप आलाय. ते म्हणाले, “वा! अशीच प्रगती कर.” तू हसलीस, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कान गेले तर गेले, पण या माणसाची मायाच आटली की काय, असं मला वाटू लागलं होतं. नातवंडं एवढी लांब, आणि याला पाच मिनिटं बसवत नाही!

मग निनादने एकदा मला विचारलं, “आजी, आजोबा दर रविवारी वेरूळला का जातात?” मी तुमच्या आईला म्हणाले, मुलाची कल्पनाशक्ती चांगली आहे, त्याच्याकडून निबंध लिहून घे.

अकरा आकडा आल्यावर मी ठरवलं, गाडी विकायची. दोन म्हाताऱ्या माणसांना रिक्षा पुरते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे काका सिल्लोडला कापसाचे आणि मक्याचे व्यापारी होते, त्यांना जुनी गाडी हवी होती. पुढच्या रविवारी अकरा वाजता ते बघायला येणार होते. आजोबांना सांगितलं, दोनदा, मोठ्याने. ते म्हणाले, “तुला योग्य वाटतं ते कर.” नंतर खिडकीतून पाहिलं तर ते ओल्या फडक्याने गाडीची काच पुसत होते. एकच जागा, बराच वेळ.

त्या आधीच्या रविवारी मिस्त्री ब्रेक बघायला म्हणून न सांगता आले. रविवारी सकाळी मी वाचनालयात बायकांना इंग्रजी शिकवते. वर्ग संपवून मी फाटकातून आत येत होते आणि मिस्त्रीही तेवढ्यात सायकल लावत होते. आजोबा गाडीपाशी उभे होते.

मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला. मग वाकून पुढच्या चाकाला लावला. मागच्या चाकाला लावला. पुन्हा बॉनेटला.

“साहेब, आत्ता कुठून आले?”

“छावणीतून,” आजोबा म्हणाले. “भाजी आणली.”

मिस्त्री आपल्या हाताकडे बघत राहिले. मग ते गाडीच्या मागे गेले. भिंतीवर, बरोबर सायलेन्सरच्या समोर, ताटाएवढा काळा डाग होता. त्याच्या शेजारी माझा मोगरा. त्यांनी डागाला बोट लावलं, मोगऱ्याचं एक करपलेलं पान चुरगाळलं, आजोबांकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसला. घरात कोण काय म्हणतं, हे त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. आत जाऊन पाहिलं तर भाजीही आणलेली नव्हती. मला वाटलं, विसरले असतील.

मी मिस्त्रींना चहा दिला आणि गाडी विकत असल्याचं सांगितलं.

“नका विकू.”

“का? दोष सापडला का?”

“सापडला.”

“मग सांगा ना.”

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, संपवला आणि बशी पालथी घालून ठेवली. “बाई, आमच्या धंद्याचा एक कायदा हाय. गाडीचं दुखणं मालकाला सांगायचं. मालकाचं दुखणं गाडीला ठाऊक असतं, ते तिथंच ऱ्हाऊ द्यायचं.”

मी माझा वर्गातला आवाज काढला. त्या आवाजाला आजवर दहावीची मुलं आणि तुमचे बाबा घाबरत आले आहेत. “मिस्त्री, मला सरळ उत्तर हवं.”

ते उठले, फडकं खांद्यावर टाकलं. “पुढच्या इतवारी वर्ग अर्धा तास आधी सोडा. मागच्या बोळातून या आणि मोगऱ्याला पाणी घाला. मी नाय सांगणार. तो सांगंल.” जाता जाता थांबून म्हणाले, “आणि शेड उघडं हाय म्हणून मोगऱ्यावर भागलं. बंद असतं तर मी कायदा मोडला असता.”

आठवडाभर माझ्या मनात काय काय आलं ते तुम्हाला सांगत नाही. तुमच्या आजोबांचं वय तेव्हा बाहत्तर होतं आणि माझी कल्पनाशक्तीही, निनाद, काही कमी नाही.

रविवारी मी वर्ग अर्धा तास आधी सोडला. बायकांना भूतकाळ शिकवायचा राहिला. मागच्या बोळातून, हातात रिकामी झारी घेऊन, स्वतःच्या घरात चोरासारखी शिरले.

गाडी पत्र्याखाली उभी होती आणि सुरू होती; म्हणजे बॉनेट गरम, चाकं गार. काचा वर, एसी चालू, खाली पाण्याचं थारोळं, मागून मोगऱ्यावर गरम धूर, शेड बंद असतं तर आतच कोंडला असता असा. आणि बंद काचांमधून, सिनेमागृहाबाहेर उभं राहिल्यावर ऐकू येतो तसा, घुमणारा आवाज येत होता. ऋचा, तुझा.

“आजोबा, तुम्ही आता कुठपर्यंत आलात?”

“दौलताबादच्या पुढे,” तुमचे आजोबा म्हणाले. सीट मागे टाकून, चप्पल काढून, हात डोक्याखाली घेऊन. “डावीकडे किल्ला दिसतोय.” डावीकडे आपली पाण्याची टाकी होती.

“गाडी चालवताना बोलायचं नसतं!”

“अगं, बाजूला घेऊन थांबवली आहे. तुझा फोन आला की मी लगेच थांबवतो. बरं, त्या मुलीशी बोललीस का? गेल्या आठवड्यात रुसली होती ती?”

कोणती मुलगी? मला कुठलीच मुलगी माहीत नव्हती. मी झारी घेऊन कुंडीपाशी बसले. तू त्यांना सगळं सांगितलंस. मग निनाद आला आणि त्याचा संघ कसा हरला ते सांगितलं. आजोबांनी गोलरक्षकाचं नाव घेऊन चौकशी केली. योग्य ठिकाणी हसले. योग्य ठिकाणी “अरेरे” म्हणाले. एक शब्द चुकला नाही. टॅबलेटपुढे दोन मिनिटं न बसणारा माणूस माझ्यासमोर वीस मिनिटं तुमच्याशी बोलत होता आणि त्याला सगळं, सगळं ऐकू येत होतं.

तेव्हा मला उलगडलं. तुमच्या बाबांनी दिवाळीत गाडीत नवा स्टिरिओ बसवून दिला होता, फोन आपोआप त्याला जोडला जाणारा. चार स्पीकर, बंद काचा, बाहेरचा आवाज नाही. साऱ्या जगात तुमचे आजोबा ज्या एका खोलीत बहिरे नव्हते, ती खोली म्हणजे ती गाडी होती. एकदा बॅटरी उतरली असणार, म्हणून इंजिन सुरू. काचा बंद, म्हणून एसी. तुमच्याकडे शनिवारची रात्र, जेवणं उरकलेली. इथे मी वर्गात. आणि रोज दुपारी मी कूलर लावून पडते, तेव्हा ते तिथे बसून तुम्ही फोनवर पाठवलेले आवाज पुन्हा पुन्हा ऐकत, हे मला नंतर कळलं. तुम्ही पहिल्या वेळी विचारलंत, कुठे चाललात, तर सुचलं ते नाव सांगितलं. त्यानंतर बिचाऱ्यांना दर रविवारी वेरूळला जावंच लागलं.

गाडी पीत नव्हती. तुम्ही पाजत होतात.

मी रिकाम्या झारीने मोगऱ्याला पाणी घातलं आणि बोळातून परत गेले. चौकाला एक फेरी मारली, डोळे पुसले आणि पुढच्या दाराने, नेहमीच्या वेळी, घरात आले. घड्याळात पावणेअकरा. सिल्लोडचे शेठ येत होते.

शेठ वेळेवर आले, हे वाईट झालं. भले गृहस्थ, पांढरे कपडे. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “बाई, गाडी कशीय?”

“वाईट,” मी म्हणाले.

“आं?”

“फार पेट्रोल पिते. अकराच्या पुढे जात नाही. प्लगला काजळी धरते. चालवणाऱ्याचा पाय क्लचवर असतो.”

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. “लई गाड्या बघितल्या, पण मालकिणीनंच गाडीला नावं ठेवली असं पहिल्यांदा बघतोय. असं खरं बोलणारं घर सिल्लोडात नाय, इथंबी नाय. ही गाडी सोडायचीच नाय! आजच नेतो.”

खरं बोलून माझं असं नुकसान आयुष्यात कधी झालं नव्हतं. आजोबा किल्ली हातात धरून उभे होते. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण शेठनी हात पुढे केला तो त्यांना दिसला, आणि त्यांनी किल्ली दिली. तिला एक लाकडी पोपट होता, ऋचा, तू दिलेला. तो त्यांनी सोडवून खिशात टाकला.

“एकदा आमच्या मिस्त्रींना विचारा,” मी घाईने म्हणाले. “चौदा वर्षं गाडी त्यांच्या हाताखाली आहे.”

शेठनी फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला.

“मिस्त्री, गाडी घिऊ का?”

पलीकडे हातोडी थांबली. “बाई तिथं हायत का?”

“हायत.”

“त्यांना विचारा, मोगऱ्याला पाणी घातलं का?”

शेठना काही कळेना. मी फोनकडे वाकून म्हणाले, “घातलं, मिस्त्री.”

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. “शेठ, काय सांगू. इंजिन खलास हाय. गिअरबॉक्स रडतोय. ही गाडी सिल्लोडला जाईल, नाय जाणार असं नाय. पण फुलंब्रीला तुम्ही उतरून ढकलाल.”

शेठनी किल्ली परत दिली, माझ्या खरेपणाबद्दल पुन्हा एकदा नमस्कार केला आणि गेले. आजोबांनी किल्लीला पोपट परत अडकवला. “नाही घेतली?” ते म्हणाले. “का बरं?”

“पेट्रोल फार पिते म्हणे,” मी ओरडून सांगितलं.

“मी म्हणतच होतो,” आजोबा म्हणाले.

दोन दिवसांनी मिस्त्री आले ते आधी गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. “गाडीबद्दल आजवर कधी खोटं बोललो नव्हतो,” मला म्हणाले. “तिची माफी मागितली.” मग त्यांनी डिकीत, माझ्या प्रश्नपत्रिकांच्या जागी, एक वेगळी बॅटरी बसवली आणि स्टिरिओची वायर तिला जोडली, म्हणजे इंजिन बंद ठेवूनही तासभर बोलता यावं. समोर, काचेपाशी, ट्रकवाले लावतात तसा एक छोटा पंखा लावला. निळा, जाळीवर चमकीची झालर असलेला. आजोबांना गाडीत बसवून, काचा वर करून, त्यांनी पाच मिनिटं काहीतरी समजावलं. मला बाहेर येऊन म्हणाले, “साहेब पंख्याबद्दल काय बी सांगतील. तुम्ही व्हय म्हणायचं.”

जेवताना आजोबा म्हणाले, “काचेवर धुकं धरतं, म्हणून पंखा बसवून घेतला.”

आपल्या गावात मे महिन्यात. बाहेर कावळासुद्धा सावलीला बसला होता. मी म्हणाले, “व्हय.”

गाडी चौदावर आली. मोगरा पावसाळ्यात पुन्हा फुटला. मी रविवारचा वर्ग अर्धा तास वाढवला. कधीकधी जेवताना आजोबांच्या तोंडून निसटून जाई, “ऋचाची ती मैत्रीण आता बोलते हं तिच्याशी,” आणि मी विचारी, “तुम्हाला कसं ठाऊक?” ते म्हणत, “तूच तर सांगितलंस.” मी म्हणे, “हो का? असेल.” त्यांचं गुपित त्यांच्याकडे, माझं माझ्याकडे, आणि दोन्हींच्या किल्ल्या छावणीत कडुनिंबाखाली. सर्व्हिसिंगला गेलो की मिस्त्री आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत आणि फडक्याआड हसत.

गेल्या थंडीत आम्ही गेलो तर गॅरेजला कुलूप होतं आणि उंबऱ्यावर कडुनिंबाचा पाला साचला होता. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, मिस्त्री वारले, पंधरा दिवस झाले. झोपेतच. आजोबांना ऐकू आलं नाही. जे हळू आवाजात सांगायचं असतं ते मला भर बाजारात, ओरडून, दोनदा सांगावं लागलं. त्यांनी कुलपाकडे पाहिलं. मग खाली बसून उंबऱ्यावरचा पाला हाताने बाजूला केला. सगळा. मी घाई केली नाही.

मागच्या महिन्यात गाडी एका नव्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेची भिंत, थंडगार खोली, कॉफीचं यंत्र. निळ्या शर्टातल्या इंजिनिअरने गाडीला एक वायर लावली आणि पडद्यावर बघून सांगितलं, दोष काही नाही. त्याने गाडीला हात लावला नाही. मग त्याने डिकी उघडली.

“काका, ही जास्तीची बॅटरी कशाला? आणि समोर तो ट्रकचा पंखा? उगाच वजन आहे. अॅव्हरेज कमी होतं. काढून टाकू?”

“नको!”

हे मी म्हणाले. आणि त्याच क्षणी, तितक्याच जोरात, आजोबाही म्हणाले. इंजिनिअर हळू आवाजात बोलत होता, तरी त्यांना ते नीट ऐकू आलं होतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर एकमेकांकडे असं पाहायची वेळ क्वचित येते. इंजिनिअरने डिकी लावली आणि कॉफी घ्या म्हणून खूण केली.

परत येताना गाडी आजोबांनी चालवली. पंखा सुरू होता. मागच्या अंगणात आल्यावर आजोबांनी इंजिन बंद केलं, क्लचवरून पाय उचलला, उतरले आणि पुढे जाऊन बॉनेटवर उलटा हात ठेवला. मग गुडघे धरून, सावकाश, वाकले. पुढच्या चाकाला हात लावला. मागच्या चाकाला लावला. उभं राहायला मी त्यांना हात दिला.

“दोन्ही गरम,” ते म्हणाले.